गरम झाली की बंद, अर्ध्या तासानं पुन्हा चालू: जुन्या स्प्लेंडरचं दुखणं कसं शोधायचं

जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकरी भावानं विचारलंय: "माझी २००३ ची स्प्लेंडर आहे. सकाळी एका किकमध्ये चालू होते. परभणीला निघालो की बोरीच्या पुढं दोन-चार गुचके खाते आणि बंद पडते. किक मारून मारून पाय भरून येतो, पण चालू होईना. अर्धा तास लिंबाखाली थांबलो की काही झालंच नाही अशी चालू. गुचके खायला लागल्यावर चोक ओढला तर थोडी ओढते. परवा टाकी फुल्ल केली तर बोरीच्या आतच बसली. प्लग दोनदा बदलला, कार्बोरेटर साफ केला. आता मिस्त्री म्हणायलेत की कॉईल आणि सीडीआय दोन्ही बदला. बदलू का?"

सीडीआय, म्हणजे प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारा डबा, आत्ताच घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी करंटकडं, म्हणजे प्लगच्या ठिणगीकडं, बोट दाखवत नाहीत, पेट्रोलकडं दाखवतात: चोक ओढल्यावर गाडी थोडी ओढते, आणि टाकी फुल्ल असली की लवकर बसते. पुढच्या वेळी बंद पडली की किक मारायच्या आधी टाकीचं झाकण उघडा आणि कान देऊन ऐका. हवा आत ओढल्याचा 'सूंऽऽ' असा आवाज आला आणि मिनिट-दोन मिनिटांत गाडी चालू झाली, तर दुखणं झाकणात आहे आणि खर्च जवळजवळ नाहीच. तसं झालं नाही तर पुढचं सगळं नीट वाचा. परभणीत माझं गॅरेज आहे. गरम झाली की बसणाऱ्या गाड्या उन्हाळ्यात रोजच्याच. माझ्याकडं येईपर्यंत बऱ्याच गाड्यांत निम्मे पार्ट नवे पडलेले असतात आणि दुखणं जागच्या जागी असतं.

असं का होतं ते आधी समजून घ्या. गाडी अर्धा तास थांबवली की इंजिन थंड होतं, हे सगळ्यांना दिसतं. म्हणून सगळे म्हणतात, "गरम होऊन बंद पडते, म्हणजे कॉईल (प्लगसाठी व्होल्ट वाढवणारी) गेली." पण त्याच अर्ध्या तासात आणखी दोन गोष्टी गुपचूप होतात. कार्बोरेटरची रिकामी वाटी थेंबथेंब पेट्रोलनं पुन्हा भरते. आणि टाकीत हवा कमी पडली असेल तर ती कुठून ना कुठून आत शिरते. म्हणजे कॉईल खराब असली तरी अर्ध्या तासानं गाडी चालू होणार आणि पेट्रोल अडलेलं असलं तरीही होणार. तुम्ही गॅरेजला आणता तेव्हा ती थंड असते, वाटी भरलेली असते, करंट निळाशार पडतो आणि मिस्त्री अंदाजानं एकेक पार्ट बदलत जातो. यात त्याचा पूर्ण दोष नाही, समोर दुखणंच नाही तर तो तरी काय बघणार? खरी तपासणी गाडी बंद पडल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत, रस्त्याच्या कडेलाच होते आणि ती तुम्हालाच करावी लागते. डिकीत एक प्लग पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, एक चांगला चालता प्लग आणि पाण्याची रिकामी बाटली ठेवा. एवढं पुरतं.

आता गाडी बंद कशी पडली, यावर जरा वेळ घालवतो, कारण निम्मं उत्तर तिथंच मिळतं आणि गिऱ्हाईक नेमकं तेच सांगत नाही. "बंद पडली" एवढंच सांगतात. पण करंट गेल्यावर गाडी चावी फिरवल्यासारखी बंद होते. पन्नासच्या स्पीडला चालली असताना एकदम आवाज गप्प, ओढ शून्य. कधी करंट जाऊन परत येतो, तेव्हा मधल्या वेळात सायलेन्सरमध्ये साचलेलं पेट्रोल पेटून फाटकन बार होतो. पेट्रोल कमी पडलं तर गाडी एवढी तडकाफडकी जात नाही. आधी ओढ कमी होते, मग गुचके, अ‍ॅक्सिलेटर पिळला तर उलट जास्त दबते, कमी केला तर जरा सावरते. चोक ओढला की मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणून घटकाभर जीव येतो. तुमची गाडी नेमकी अशीच वागतेय. चोक ओढल्यानं करंट परत येत नसतो.

तिसरा प्रकार टॅपेटचा, म्हणजे इंजिनच्या वालवरच्या फटीचा. यात पळताना गाडी बरी वाटते, फक्त ओढ थोडी मंद, आणि चौकात क्लच दाबून अ‍ॅक्सिलेटर सोडला की स्लो (उभ्या गाडीची इंजिनची चाल) हळूहळू उतरत जाऊन बंद. मग किक मारली तर पाय मऊ लोण्यात गेल्यासारखा खाली जातो, दाब लागतच नाही. चौथा प्रकार वाईट: गाडी पळता पळता जड होते, मागचं चाक ओढल्यासारखं वाटतं, आणि बंद पडल्यावर किक खाली जायलाच तयार नसते. हे पिस्टन धरल्याचं, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकल्याचं लक्षण. तिथं किकवर उभं राहू नका, आधी ऑईल बघा.

पेट्रोलचं बघायचं ते असं. झाकणाचं वर सांगितलंच. त्यामागचं कारण सांगतो, म्हणजे विश्वास बसेल. टाकीतून पेट्रोल आपल्याच वजनानं खाली येतं, पंप वगैरे काही नाही. जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे, त्यासाठी झाकणाच्या पोटात बारीक वाट ठेवलेली असते. ती बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल वरच अडकतं. टाकी अर्धी असेल तर आत हवा भरपूर असते, ती थोडी ताणली तरी गाडी काही किलोमीटर जाते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवा नावालाच असते, त्यामुळं लगेच बसते. फुल्ल टाकीवर बोरीच्या आतच बसली, हे तुम्ही सहज लिहिलं असेल, पण सगळ्या प्रश्नात मला तेच वाक्य सगळ्यात कामाचं वाटलं.

ही वाट बुजते कशानं? धूळ आणि गंज तर आहेच. पण आपल्याकडं दुसरीच कारणं जास्त सापडतात. टाकीला रेक्झिनचं कव्हर शिवून घेतात आणि झाकणावरही त्याचीच टोपी घट्ट बसवतात. पावसाळ्यात पाणी जाऊ नये म्हणून झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी घालतात आणि दिवाळी झाली तरी ती तिथंच. चावी हरवली म्हणून बाजारातलं साधं झाकण बसवतात, त्याला कधी छिद्रच नसतं. आणि कुंभारीण माशी. तिला मातीचं घर करायला बारीक भोक लागतं, मग ते झाकणातलं असो, कार्बोरेटरच्या हवेच्या नळीचं असो की महिनोन्महिने उभ्या गाडीच्या सायलेन्सरचं असो. खात्री करायला झाकण उघडं ठेवून गाडी पळवू नका, पेट्रोल हिंदकळून गरम इंजिनवर सांडतं. त्यापेक्षा दर चार-पाच किलोमीटरला गाडी थांबवा, झाकण एकदा उघडून बंद करा आणि पुढं जा. असं करत परभणी गाठली आणि गाडी एकदाही बसली नाही, तर दुसरं काही शोधायची गरज नाही. कव्हरची टोपी कापून टाका, झाकण काढून गॅरेजमध्ये हवेनं साफ करून घ्या, आत गंज धरला असेल तर चांगल्या दुकानातून नवं झाकण घ्या.

झाकण निर्दोष निघालं तर वाटी बघा. कार्बोरेटरच्या बुडाशी एक पितळी ड्रेन स्क्रू असतो आणि त्याला खाली लोंबणारी बारीक नळी. गाडी बंद पडली त्याच क्षणी, किक न मारता, नळीखाली बाटली धरा आणि स्क्रू दोन आटे सैल करा. वाटी भरलेली असेल तर पेट्रोल भळकन येतं आणि नंतर कॉकमधून (टाकीखालच्या पेट्रोलच्या नळातून) येणारी धार चालू राहते. काहीच आलं नाही किंवा चार थेंब आले, तर गाडी पेट्रोलवाचून मेली. सीडीआय, कॉईल, प्लग यांचा विचार तिथंच सोडा. हे काम करताना इंजिन गरम असतं, तेव्हा बाटली नीट धरा आणि शेजारी कोणी बिडी ओढत "काय झालं हो?" म्हणत वाकत असेल तर त्याला आधी लांब पाठवा.

भरपूर पेट्रोल आलं तर बाटली उन्हात धरून बघा. तळाला पाण्याचे गोळे फिरताना दिसले की दुखणं तेच. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते वाटीच्या तळाशी बसतं आणि जेट, म्हणजे पेट्रोल उचलणारं बारीक भोक, तिथूनच उचलतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल घालायला लागल्यापासून हे वाढलंय. २०२२ साली देशात १० टक्क्यांपर्यंत आणि २०२५ पर्यंत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. इथेनॉल पाणी ओढून धरतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून वेगळे होऊन टाकीच्या तळाला बसतात. रोज पळणाऱ्या गाडीला याचा फार त्रास नाही. पण गाडीचा मालक ऊसतोडीला गेला, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गाडी पाव टाकीवर छपरात उभी राहिली, तर आतून गंज, तळाला पाणी, आणि जुन्या रबरी नळ्या फुगलेल्या नाहीतर कडक झालेल्या. अशी गाडी बाहेर काढली की पहिल्या आठवड्यात बंद पडणारच. खेड्यात किराणा दुकानातून बाटलीनं पेट्रोल घ्यावं लागतं, त्याला इलाज नाही, पण टाकीत ओतताना गाळून ओतावं.

वाटी रिकामी निघाली, झाकणही ठीक, तर मग धार मोजा. कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी काढून बाटलीत सोडा आणि कॉक चालू करा. हिशोब सोपा आहे. ६० चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी ५० च्या स्पीडला मिनिटाला जेमतेम १४ मिली पेट्रोल पिते. दोन दुधाचे कॅन लटकवून, चढाला, वाऱ्याच्या विरुद्ध पळवली तर ३० मिली धरा. चांगल्या कॉकमधून मिनिटाला चहाचा कप भरून वाहील एवढी धार सहज येते. तुमच्याकडं धार बारीक दोऱ्यासारखी असेल किंवा आधी जोरात येऊन मिनिटभरात आटत असेल, तर कॉकची जाळी गाळानं भरली आहे. गावात हळू फिरताना असं कळत नाही, कारण १४ मिलीसुद्धा लागत नाही. मोठ्या रस्त्याला लागून गाडी तापली, स्पीड धरला की वाटी भरण्यापेक्षा जास्त वेगानं रिकामी होते आणि दहा-बारा किलोमीटरवर बसते. लोकांना वाटतं गरमीनं बसली. मेनवर धार बारीक आणि रिझर्व्हवर नीट असेल किंवा उलटं असेल, तेही लिहून ठेवा, त्यावरून कॉकमधला कोणता रस्ता बुजलाय ते कळतं.

जाळी साफ करायची तर टाकी रिकामी करून कॉक पूर्ण काढावा लागतो. नुसता कार्बोरेटर उघडून जेट फुंकून दिला तर वरचा गाळ पुन्हा खाली येणारच, म्हणून तुमचा कार्बोरेटर साफ करूनही फरक पडला नाही यात नवल नाही. टाकीत गंज जास्त असेल तर मुठभर नट-बोल्ट आणि थोडं पेट्रोल घालून टाकी हलवून हलवून धुतात, तीन-चार वेळा धुवावी लागते, आणि शेवटी एकही नट आत राहिला नाही हे मोजून बघावं लागतं. आणखी एक. नळीत बाहेरून लावलेला प्लॅस्टिकचा फिल्टर चांगला, पण नळी लांब ठेवून तिला वर उचललेला बाक दिला की त्या बाकात हवा अडकते. मे महिन्यात परभणीचं ऊन ४२-४३ ला टेकतं, त्यात नळी हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) चिकटलेली असली की आतलं पेट्रोल वाफ होऊन बुडबुडे धरतं. नळी आखूड आणि सरळ उताराची पाहिजे.

फ्लोट (वाटीत तरंगणारा तुकडा) आणि त्याची नीडल (पेट्रोल आत सोडणारी-अडवणारी सुई) यांचं थोडक्यात: नीडल अडकली तर एकतर पेट्रोल येत नाही, किंवा वाहत सुटतं. वाहणाऱ्या गाडीचा प्लग ओला होतो, आणि गरम गाडीला चोक देऊन दहा-वीस किका मारल्या तरीही होतो. अशा वेळी चोक बंद, चावी बंद, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण उघडा धरून सात-आठ किका मारा, जास्तीचं पेट्रोल बाहेर जातं. मग चावी चालू करून एक किक. गाडी आडवी कलवून किक मारायची आपल्याकडं सवय आहे. तशानं चालू झाली तर वाटीतली पातळी कमी आहे एवढं कळतं, पण ती दुरुस्ती नव्हे.

आता करंट. वाटीत पेट्रोल भळभळून आलं, पाणी नाही, आणि गाडी फाटकन बंद पडली होती, तरच इकडं या. गरम इंजिनचा प्लग लगेच काढू नका. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, गरम असताना आटे ओढले जातात. त्यापेक्षा डिकीतला चालता प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचं लोखंडी अंग हेडच्या पात्यावर घट्ट टेकवा आणि किक मारा. जुना प्लग जागेवर असल्यानं इंजिनमधून पेट्रोलची वाफ बाहेर येत नाही, भडका उडायची भीती नाही. नुसता ड्रेनमधून सांडलेला पेट्रोलचा ओलावा आधी पुसून घ्या. प्लग उघड्या हातानं धरू नका, हा झटका दहा हजार व्होल्टच्या वरचा असतो. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर करंट आहे, मग जुना प्लग गार झाल्यावर काढून बदलून बघा. गरम झाल्यावर आतून फुटणारे प्लग असतात, विशेषतः बाजारातले नकली, डब्यावर नाव मोठं आणि आत माल हलका. पिवळसर, मरतुकडी ठिणगी किंवा काहीच नाही, तर पुढं.

पहिली गोष्ट चावीची वायर. हँडल डावीकडं-उजवीकडं पूर्ण फिरवत कोणालातरी किक मारायला सांगा. हँडलच्या मानेपाशी वायरी रोज वाकतात, आतून तुटतात किंवा सोलून फ्रेमला लागतात. जुन्या शंभर सीसीच्या गाड्यांमध्ये बहुधा मॅग्नेटवर (इंजिनसोबत फिरून वीज तयार करणाऱ्या चुंबकावर) चालणारा एसी सीडीआय असतो. त्यात चावी बंद केली की सीडीआयची एक वायर अर्थला जोडली जाते आणि करंट मरतो. होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये ती बहुतेक काळ्या रंगावर पांढऱ्या रेघेची असते. सीडीआयपाशी ती एकटी सोडवा आणि किक मारा. करंट आला तर सीडीआय, कॉईल सगळं ठीक, चावीचा स्विच नाहीतर वायर खराब. हे करून घरी जाता येतं, फक्त एक लक्षात ठेवा: आता चावीनं गाडी बंद होणार नाही, गिअरमध्ये टाकून ब्रेक धरून क्लच सोडून बंद करावी लागेल. बॅटरी पूर्ण उतरलेली असतानाही तुमची गाडी किकवर चालू होत असेल तर ती एसी प्रकारची. बॅटरीशिवाय करंटच येत नसेल तर डीसी. डीसीवाल्या गाडीत आधी बॅटरी, फ्यूज आणि बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा क्षार बघा.

दुसरी गोष्ट कॅप आणि जाड वायर. कॅप स्क्रूसारखी फिरवून निघते. वायरचं टोक काळं-हिरवं झालं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून कॅप पुन्हा फिरवून बसवा. बऱ्याच कॅपमध्ये साधारण ५ हजार ओहमचा रेझिस्टर असतो. मीटरवर आकडा लाखात गेला तर कॅप टाकून द्या. कॅप स्वस्त असते आणि ती बदलायचं मात्र कोणाला सुचत नाही.

तिसरी गोष्ट, ज्याचा तुमच्या मिस्त्रींना संशय आहे: कॉईल, सीडीआय, आणि पल्सर कॉईल, म्हणजे मॅग्नेटपाशी बसून ठिणगीची वेळ सीडीआयला कळवणारी छोटी कॉईल. यांच्यातली बारीक तार गरम झाल्यावर ताणून आतल्या आत सुटते आणि थंड झाली की पुन्हा टेकते. हे दुखणं खरं आहे, मी ते नाकारत नाही, पण ते सिद्ध करता येतं. करंट नसताना टाकीखालच्या कॉईलवर ओलं फडकं दोन-तीन मिनिटं धरा. करंट परत आला तर कॉईल गेली. नाही आला तर सीडीआय पिशवीत गुंडाळून त्यावर तेच फडकं. तरीही नाही, तर मॅग्नेटकडं. पल्सर कॉईल मोजायला मॅग्नेट उघडायची गरज नाही, तिची वायर सीडीआयपर्यंत येते, तिथला जोड सोडवून मीटर लावा. या गाड्यांत ती साधारण ५० ते २०० ओहमच्या मध्ये असते. नेमका आकडा महत्त्वाचा नाही. सकाळी थंड गाडीत दीडशे दाखवणारी कॉईल बंद पडल्यावर मीटरचा काटाच हलवत नसेल, तर उत्तर मिळालं.

सीडीआयसाठी तर त्याहून सोपं. आपल्या भागात स्प्लेंडरला तोटा नाही. भावकीत, शेजारी कोणाची तरी त्याच मॉडेलची, त्याच सालाच्या आसपासची गाडी असेलच. दोन दिवस सीडीआयची अदलाबदल करा. दुखणं सीडीआयसोबत त्या गाडीत गेलं तर बदला. सॉकेट बसतंय म्हणून एसीच्या जागी डीसी लावू नका, नवा सीडीआय क्षणात जातो आणि दुकानदार परत घेत नाही. मॅग्नेटची कॉईल भरून देणारे असतात, पण विहिरीची मोटार भरणारा हात एवढ्या बारीक तारेला चालतोच असं नाही. भरलेली कॉईल सहा महिन्यांनी पुन्हा तिथंच बसते. पैसे असतील तर नवी, चांगल्या कंपनीची घ्या.

टॅपेटबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय, कारण हे दुखणं गॅरेजमध्येच तयार होतं. गिऱ्हाईक म्हणतं, "टॅपेटचा आवाज येतो, आवाज बंद करा." मिस्त्री आवळतो, आवाज बंद, गिऱ्हाईक खूश. वाल गरम झाला की लांबतो. फटच ठेवली नाही तर तो पूर्ण बसत नाही, दाब निसटतो, गाडी स्लोला मरते आणि किकला दाब लागत नाही. थंड झाली की वाल आखूड होऊन पुन्हा बसतो आणि गाडी चालू. असंच चालवत राहिलं तर वालची कड जळते आणि मग हेड उघडावं लागतं, तो खर्च वेगळा. या इंजिनांना फट ०.०५ ते ०.०८ मिमीच्या आसपास लागते, म्हणजे कागदापेक्षाही कमी. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. गाडी रात्रभर थंड झालेली पाहिजे. मॅग्नेट फिरवून 'टी' ची खूण जुळवा, दोन्ही रॉकर (वाल दाबणारे हात) हातानं किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा. मग फीलर गेजची पट्टी घाला, ती हलका अडखळा घेत सरकली पाहिजे. जो मिस्त्री गरम गाडीचे टॅपेट अंदाजानं, बोटानं लावतो, त्याच्याकडं हे काम देऊ नका. बारीक टकटक राहिली तर राहू द्या, ती गाडी जास्त चालते.

बाकीचं पटकन. एअर फिल्टर काळ्या मातीच्या धुळीनं भरला असेल तर गाडी काळा धूर देते, प्लग काळा होतो, पण बहुधा बंद पडत नाही. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधला रबर चिरला असेल तर स्लो वर-खाली नाचते. चालू गाडीत त्यावर साबणाचं पाणी टाका, आवाज बदलला तर तिथून हवा खेचतेय. धुवून आणल्यावरच बंद पडत असेल तर प्लग कॅपमध्ये पाणी गेलंय, पुसून वाळवा. ऑईल कमी असताना गाडी तापून धरते, ते आठवड्याला एकदा बघितलं तर पुरतं.

तुमच्याकडं स्प्लेंडरऐवजी राजदूत, येझदी किंवा जुनी बुलेट असती तर माझं पहिलं बोट कंडेन्सरवर गेलं असतं. पॉइंटच्या गाड्यांत, म्हणजे सीडीआयऐवजी उघडझाप करणाऱ्या पॉइंटनं ठिणगी पडणाऱ्या गाड्यांत, गरम झाल्यावर बंद पडण्याचं ते फार जुनं कारण आहे आणि पार्ट लहान. पल्सरसारख्या दोन प्लगच्या गाडीत एका प्लगचा करंट गेला तर गाडी बंद पडत नाही, ओढ कमी होते, म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरच गेला, इंजेक्शन आलं. त्यांना वरचं पेट्रोलचं काहीही लावू नका. तिथं टाकीतला पंप आणि मीटरवर लागणारा इंजिनचा दिवा यांवरून सुरुवात होते.

तुमच्यासाठी क्रम असा. झाकणावर कव्हरची टोपी असेल तर उद्या ती काढून जिंतूरहून निघा, टाकी फुल्ल ठेवूनच, म्हणजे दुखणं लवकर समोर येईल. बसली की झाकण. झाकणानं नाही भागलं तर ड्रेन स्क्रू, मग धार. धार बारीक निघाली तर मिस्त्रींना सांगा की टाकी उतरवून कॉक साफ करा, कार्बोरेटर परत उघडू नका. वाटी भरलेली निघाली तरच करंट बघायचा. एवढं करूनही सापडलं नाही तर चार गोष्टी लिहून ठेवा आणि मिस्त्रींकडं घेऊन जा: बंद पडताना गुचके खाल्ले की फाटकन गेली, वाटीत पेट्रोल होतं का, ठिणगी कशा रंगाची होती, आणि त्या वेळी किकला दाब लागत होता का. सीडीआयचं पाकीट तोवर दुकानातच राहू द्या.